डिजिटल सातबाऱ्यावरचे प्रश्नचिन्ह

आपल्यापैकी काही कुटुंबांची वडिलोपार्जित शेती अजून गोंदिया-भंडाऱ्याकडे आहे. महाभूमी संकेतस्थळावरून १५ रुपयांत मिळणारा डिजिटल सहीचा सातबारा सरकारी कामात चालतो. मोफत उतारा फक्त पाहण्यापुरता.

ही पीडीएफ क्रोममध्ये उघडली की सहीवर प्रश्नचिन्ह दिसते. म्हणून उतारा खोटा ठरत नाही. ब्राउझर ही सही तपासतच नाही. फाइल डाउनलोड करून संगणकावर अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडा. सहीवर राइट क्लिक, मग ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’. तरीही प्रश्नचिन्ह राहिले, तर सिग्नेचर प्रॉपर्टीजमध्ये सही करणाऱ्याचे सर्टिफिकेट उघडून ‘ट्रस्ट’मध्ये ते विश्वासार्ह यादीत घाला. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी पाठवलेल्या उताऱ्याला मात्र असा विश्वास देऊ नका (बँकेतली जुनी सवय!), फाइल स्वतः उतरवलेली हवी. आणि ‘प्रिंट’मधून पुन्हा पीडीएफ करू नका, त्यात सही निघून जाते.