टोकियोची सुवर्णवीथी

शरद ऋतूत रंग पालटलेली पाने पाहावयास जाण्याची चाल जपानात फार जुनी आहे. तिला तेथे ‘मोमिजिगारी’ म्हणतात. शब्दशः अर्थ, लाल पानांची शिकार. ही शिकार डोंगरांत व देवालयांच्या परिसरात चाले. राजधानीच्या सरळ, रुंद रस्त्यावर उभे राहून तोच आनंद लुटावा, ही कल्पना मात्र विसाव्या शतकातली. तिचा इतिहास पाहावयाचा, तर टोकियोतील मेइजी जिंगू गायएन या उद्यानातील इच्यो वृक्षांच्या वीथीकडे वळले पाहिजे.

इच्यो म्हणजे वनस्पतिशास्त्रातील गिंको. हा वृक्ष मूळचा चीनमधला. पान इवल्याशा पंख्यासारखे. नर आणि मादी ही झाडे निरनिराळी. बी भाजून आवडीने खातात. पिकलेल्या फळाला मात्र असा उग्र दर्प येतो, की वाटसरूने नाक दाबून पुढे जावे. नोव्हेंबरच्या अखेरीस या झाडांची पाने पिवळीजर्द होतात आणि रस्त्यावर त्यांचा सडा पडतो.

सम्राट मेइजी 1912 साली निवर्तले. त्यांचा अंत्यविधी आओयामा येथील लष्करी कवायतीच्या मैदानावर झाला. त्याच भूमीवर, लोकवर्गणीच्या साहाय्याने, त्यांच्या स्मरणार्थ हे उद्यान उभे राहिले व 1926 साली पूर्ण झाले. वीथीची योजना योशिनोबू ओरिशिमो या उद्यानतज्ज्ञाची. त्यांनी 1908 साली शिंजुकू येथील राजोद्यानातल्या इच्योच्या बिया गोळा करून रोपे वाढविली होती. त्यांतील 146 झाडे 1923 साली चार रांगांत लावण्यात आली. सुमारे 300 मीटरांच्या या रस्त्याच्या तोंडाशी उंच झाडे, पुढे क्रमाने ठेंगणी, आणि शेवटी स्मारक-चित्रशाळेचा घुमट! या युक्तीने वाट आहे त्याहून लांब भासते.

हेच 1923 साल टोकियोला घोर आपत्तीचे ठरले. 1 सप्टेंबरच्या भूकंपाने व त्यापाठोपाठ भडकलेल्या आगींनी एक लाखाहून अधिक माणसे बळी घेतली. आगीत सहजासहजी न जळणारा वृक्ष म्हणून इच्योची ख्याती होती. नव्याने बांधलेल्या शहरात तो रस्तोरस्ती लावला गेला. 1945 साली हिरोशिमावर अणुबाँब पडल्यानंतर होरपळलेल्या काही इच्योंना पुन्हा पालवी फुटली, तेव्हा त्या ख्यातीला एक करुण साक्ष मिळाली.

परंतु या सोनेरी वाटेच्या परिसराची दुसरी आठवणही सांगितली पाहिजे. 21 ऑक्टोबर 1943 रोजी, भर पावसात, याच उद्यानाच्या क्रीडांगणावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे संचलन झाले. शिक्षण अर्धवट टाकून त्यांना रणांगणावर धाडावयाचे होते. त्यांतील कित्येक परतले नाहीत. पुढे त्याच जागी राष्ट्रीय क्रीडागार उभे राहिले आणि 1964 साली तेथे ऑलिंपिक सामन्यांचा उद्घाटन-सोहळा झाला. सम्राटाचे स्मारक, युद्धाचा निरोप आणि शांततेचा उत्सव, एवढे सारे एका उद्यानाच्या कुंपणात घडले.

अलीकडे या उद्यानावर निराळेच संकट ओढवले. जुनी क्रीडांगणे पाडून नवी बांधावयाची व उंच इमारती उभारावयाच्या, अशा योजनेस टोकियोच्या प्रशासनाने 2023 साली मंजुरी दिली. विख्यात संगीतकार र्‍यूइची साकामोतो यांनी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, मृत्यूशय्येवरून, राज्यपालांना पत्र लिहून तिचा फेरविचार करण्याची विनंती केली. इच्योच्या चार रांगा राखल्या जातील, असे योजनाकर्त्यांनी सांगितले. तथापि नवे क्रीडागार वीथीच्या जवळ आले तर मुळांना अपाय होईल, ही शंका तज्ज्ञांनी उपस्थित केली. 2024 च्या ऑक्टोबरात उद्यानातील इतर झाडांवर कुऱ्हाड चालू लागली.

वादात दोन्ही पक्षांना काही म्हणणे आहे. क्रीडांगणे जुनी झाली होती, हे खरे. पण क्रीडांगण मोडले तर काही वर्षांत नवे बांधता येते. 1908 सालच्या बीचे झाड तोडले, तर तसे दुसरे उभे राहावयास शंभर वर्षे लागतात. शिवाय वर्गणी देणाऱ्यांनी ही भूमी पुढील पिढ्यांच्या हवाली केली होती. त्या पिढ्यांपैकी आज जी हयात आहे, तिला या ठेवीचा उपभोग घेता येईल; मोड करण्याचा अधिकार तिला कितपत आहे, हाच या वादातला खरा प्रश्न होय.