बॅग, बाटली अन् बँकेचा मेसेज : शेतकऱ्याला रोज लागणारे इंग्रजी शब्द

अमडापूर (ता. चिखली) : सोयाबीनची बॅग, फवारणीच्या औषधाची बाटली आणि बँकेचा मेसेज, तिन्हींवर इंग्रजी शब्द असतात. शब्द वाचता येतो, पण अर्थ नक्की माहीत नसला तर पैसा जातो, कधी जीवावरही बेततं. म्हणून नेहमीच्या शब्दांचे हे सोपे अर्थ.

बियाण्याची बॅग

जर्मिनेशन : उगवण. सोयाबीनसाठी ती किमान ७० टक्के लागते. म्हणजे १०० दाण्यांतले निदान ७० उगवले पाहिजेत.

लॉट नंबर : एकत्र तयार झालेल्या बियाण्याचा क्रमांक. बियाणं उगवलं नाही तर तक्रारीत हा नंबर लागतो. त्यामुळे पक्कं बिल, टॅग आणि रिकामी बॅग जपून ठेवावी.

सर्टिफाइड : प्रमाणित, म्हणजे सरकारी यंत्रणेने तपासलेलं. याचा टॅग निळा असतो. हिरवट लेबल असेल तर ते 'ट्रुथफुल'. त्यात गुणवत्तेची हमी उत्पादक स्वतः देतो.

ट्रीटेड : औषध चोळलेलं बियाणं. उरलं तरी खायचं नाही, ढोरांनाही घालायचं नाही.

औषधाची बाटली

पॉयझन : विष. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाच्या औषधांवर हा शब्द असतो. लाल सर्वांत जहाल, त्यावर कवटीचं चित्रही असतं.

डेंजर : धोका. त्रिकोण निळा.

कॉशन : जपून वापरा. त्रिकोण हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असा अर्थ काढू नये.

अँटिडोट : विषावरचा उतारा. विषबाधा झाली तर पेशंटसोबत बाटली किंवा माहितीपत्रक दवाखान्यात न्यावं. कोणतं विष आहे ते डॉक्टरांना लगेच कळतं.

एक्स्पायरी डेट : या तारखेनंतर औषध वापरू नये.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी अन् शेतमजुरांचे जीव गेले होते. फवारणीला मजूर लावला असेल तर त्यालाही हे शब्द सांगावेत.

बँकेचा मेसेज

क्रेडिट : खात्यात पैसे आले.

डेबिट : खात्यातून पैसे गेले. आपण काढले नसतील तर त्याच दिवशी बँकेला कळवावं.

सँक्शन : कर्ज मंजूर झालं. पैसे हातात आले असा याचा अर्थ नाही. खात्यात रक्कम पडते त्याला 'डिस्बर्स' म्हणतात.

ड्यू डेट : भरणा करायची शेवटची तारीख.

ओव्हरड्यू : तारीख उलटली, कर्ज थकलं. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तरच बिनव्याजी पडतं. थकलं की सवलत हुकते.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. घरातलं शाळकरी पोरगं लेबल सहज वाचून दाखवेल. शब्द अडला तर आधी विचारावं, मग पेरावं, फवारावं किंवा सही करावी.