पाणी मुरले, पण गेले कुठे?

१९२० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील अभियंता हेन्री रायन याने सेप्टिक टँकच्या जागेसाठी एक साधी चाचणी बसवली. फूटभर लांब-रुंद खड्डा खणायचा, माती भिजवायची, मग पाण्याची पातळी एक इंच उतरायला किती मिनिटे लागतात ते मोजायचे. त्यावरून पाणी जिरवणाऱ्या चरांचे क्षेत्रफळ ठरे. घड्याळ आणि मोजपट्टीवर भागणारी ही चाचणी अमेरिकेत रुळली, यात नवल नाही. पण पाणी मुरणे वेगळे आणि शुद्ध होणे वेगळे! त्याच राज्यातील लाँग आयलंडच्या वाळूत पाणी झरझर उतरते. चिकणमातीत तुंबलेले मैलापाणी निदान दिसते तरी. इथे मात्र अमोनियापासून बनलेले नायट्रेट, मातीला चिकटत नसल्याने, सरळ भूजलात पोचले. तेथील लोक पितात तेही भूजलच.