शिवणकाम करणाऱ्या बाईचा मालक कोण? उत्तर मार्केट यार्डात आहे

पुण्याच्या मार्केट यार्डात हमाल सकाळी एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर गाडी उतरवतो, दुपारी दुसऱ्याच्या. मग त्याचा मालक कोण? फंड, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा त्याने मागायची कोणाकडे? जगभरच्या कपडे उद्योगात राबणाऱ्या स्त्रीचाही प्रश्न हाच आहे. ब्रँड परदेशी, कारखाना दुसऱ्याचा, ठेकेदार तिसराच. घरी बसून काज-बटण करणारी बाई तर कुठल्याच हजेरीपटावर नाही.

हा प्रश्न आम्हाला नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत स्त्रिया मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत नगावर राबत. विणकाम खात्यात मजुरी जास्त; पण तिथे तुटलेला धागा थुंकी लावून जोडावा लागे, म्हणून अस्पृश्यांना दार बंद! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय वेशीवर टांगला. त्याच वर्षी २८ जुलै रोजी मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा हे खरे असले, तरी स्त्रीच्या श्रमातून जो नफा कमावतो त्याच्यावरही भार टाकणे गैर नाही, अशी त्यांची मांडणी होती.

१९२९ साली कायदा झाला. पण तो कारखान्यातल्या बाईपुरता. पुढच्या दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाणच घटत गेले. हक्क हजेरीपटाला बांधलेला असेल, तर हजेरीपटाबाहेर ढकललेल्या बाईच्या हाती काय उरते?

हमालांनी या कोंडीतून वाट काढली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी १९५५ साली हमाल पंचायत उभी केली. राज्यभरच्या हमाल-माथाडींच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याने एकच मालक शोधत बसण्याचे सोडून दिले. व्यापारी आणि हमाल दोघांचीही नोंद मंडळाकडे, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही व्यापाऱ्याने मंडळात भरायची, त्यातून फंड, बोनस, ग्रॅच्युइटी. १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांसाठीही अशीच मंडळे करणारा कायदा झाला. मग शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी का नाही?

‘ब्रँड ऐकणार नाहीत, ऑर्डरी दुसरीकडे जातील,’ असे सांगितले जाते. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा कोसळला. अकराशेहून अधिक कामगार मेले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. त्यानंतर दोनशेहून अधिक ब्रँडांनी इमारत आणि आगीपासूनच्या सुरक्षेचा कायदेशीर बंधनकारक करार केला. म्हणजे जबाबदारी वरपर्यंत नेता येते. फक्त त्यासाठी प्रेतांची रास पडण्याची वाट पाहायची का?

बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. जयंतीला आपण हे घोषणेसारखे म्हणतो. आपल्या वस्तीत मशीनवर वाकलेल्या आई-बहिणीला नगाला किती मिळते, हे मात्र विचारत नाही. तरुणांनो, आधी ते विचारा, त्यांची नोंद करा, संघटना बांधा आणि मंडळाची मागणी लावून धरा. जिच्या श्रमावर ज्याचा नफा, तिची लेव्ही त्याने भरलीच पाहिजे.

जय भीम!