वैरणीचा इतिहास आणि आपला वाटा

बचत गटाच्या बैठकीत गाय, म्हैस किंवा शेळीसाठी कर्जाचा विषय निघाला, की जनावराची किंमत, व्याज आणि हप्ता आपण वहीत मांडतो. पण दावणीला आलेलं जनावर वर्षभर खाणार काय? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या आज्या-पणज्यांचे कष्ट आहेत. आज त्याविषयी बोलू.

आपल्या देशावर वैरण म्हणजे आधी कडबा. शाळू काढला, कणसं खुडली, ताटांच्या पेंढ्या बांधल्या आणि पाऊस आत झिरपणार नाही अशी गंजी रचली. घरात किती कणगी भरल्या याबरोबर दारात गंजी केवढी, यावरूनही घराची ऐपत कळायची. कडब्याने पोट भरतं, पण त्यात प्रथिनं कमी. म्हणून जोडीला तूर-हरभऱ्याचा भुसा, डाळीची चुणी, घाण्यावरची पेंड. कुठल्या म्हशीला आंबोण किती, गाभण गाईला काय वाढवायचं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते सासूकडून सुनेकडे आलं.

या व्यवस्थेला पहिले मोठे धक्के इंग्रजांच्या काळात बसले. 1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसांबरोबर जनावरंही फार मेली. बैल गेले, मग पाऊस पडला तरी नांगर कोण ओढणार? त्यातच 1878 साली जंगलाचा नवा कायदा आला आणि डोंगर-कुरणांवर सरकारी बंधनं वाढली. महात्मा फुले यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हे दुखणं मांडलं. जंगल खात्याने चराऊ रानं ताब्यात घेतल्याने शेतकऱ्याच्या शेळ्या-मेंढ्यांना जागा उरली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे चाऱ्याचा प्रश्न नुसता पावसाचा नाही, जमीन कोणाच्या हातात हाही आहे.

पुढे बियाणं बदललं. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी आजही टिकून आहे, कारण तिची भाकरी गोड आणि कडबाही चांगला. 1964 साली सीएसएच-1 हे पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. दाणे जास्त, पण ताट बुटकं. पोती वाढली, पण पेंढ्या घटल्या. पोत्यांची मोजदाद झाली. पेंढ्यांची कमतरता भासली ती गोठ्यात वैरण टाकणाऱ्या बाईला.

1972 चा दुष्काळ वयस्क मैत्रिणींना आठवत असेल. खडी फोडायला, रस्त्याच्या कामाला बायका मोठ्या संख्येने गेल्या. खायला परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळाली. पण धान्य बोटीने आलं, तसा कडबा कुठून येणार? मिळेल त्या भावात जनावरं बाजारात गेली. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला.

त्याच सुमारास दुधाचा धंदा वाढू लागला. उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी 1967 साली ‘बाएफ’ संस्था सुरू केली. संकरित गाई गावोगाव आल्या. दूध वाढलं, तशी खुराकाची गरजही वाढली. पण शेतात ज्वारीच्या जागी ऊस आणि सोयाबीन येत गेलं. उसाचे वाढे मिळतात, पण नुसत्या वाढ्यांवर दुभतं जनावर पोसत नाही. 2012-13 च्या दुष्काळात माण, आटपाडी, सांगोला या भागांत चारा छावण्या लागल्या. कित्येक बायकांनी महिनोन्महिने तिथेच जनावरांपाशी मुक्काम केला.

एक बदल मात्र कुठल्याच छावणीच्या यादीत दिसत नाही. खुरपणीला गेलेली बाई संध्याकाळी डोक्यावर गवताचा भारा घेऊन यायची. मजुरी वेगळी आणि भारा वेगळा. ज्या मैत्रिणीला जमीन नाही, तिच्या शेळ्या त्या भाऱ्यावर जगायच्या. आता तणनाशक मारलं, की खुरपणीची मजुरी जाते आणि भाराही जातो.

हा इतिहास ऐकून आपण काय करायचं? आम्हाला तीन गोष्टी सुचतात. पहिली, बियाणं आणताना घरात विचारायचं: दाणे किती, आणि कडबा किती? बांधावर शेवरी, सुबाभूळ लावायचा आग्रहही आपणच धरायचा. दुसरी, कर्जाच्या अर्जाबरोबर वैरणीचा हिशेब लिहायचा. 400 किलो वजनाच्या गाईला रोज 10 ते 12 किलो कोरडा चारा लागतो. हिरवा चारा नसेल तर महिन्याला 300 किलोच्या वर. सुगीला भाव कमी असताना गटाने मिळून कडबा घेतला आणि कुट्टी करून घातला, तर पैसे वाचतात, चगळही कमी पडते. मका किंवा कडवळ हाताशी असेल तर मुरघास करता येतो. तिसरी, ग्रामसभेत गायरानाचा विषय निघेल तेव्हा तिथे हजर राहायचं आणि भूमिहीन मैत्रिणीच्या शेळ्यांसाठीही बोलायचं.

वैरण आणणारी, कापणारी, घालणारी बाईच असते. मग शेतात काय पेरायचं, हे ठरताना तिचं मत का नको? पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.