क्रीडांगण : कृपा कीं कर्तव्य?

सार्वजनिक क्रीडांगण ही नगरसंस्थेची कृपा कीं तिचें कर्तव्य? इंग्लंडचा इतिहास या बाबतींत मोठा उद्बोधक आहे. १८४६ च्या कायद्यानें तेथील नगरांना स्नानगृहें व धुलाईगृहें बांधण्याची मुभा मिळाली. हेतु स्वच्छतेचा होता, क्रीडेचा नव्हे. १८७८ च्या दुरुस्तीनें त्यांत आच्छादित तरणतलाव आले. तत्पूर्वींच, १८७५ सालीं, सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यानें उद्यानांसाठीं जमीन घेण्याचा अधिकार दिला होता. १९३७ सालीं व्यायामशाळा व मैदानें यांचा स्पष्ट निर्देश झाला. १९७६ सालीं ही सत्ता अधिक व्यापक झाली. परंतु या सर्व कायद्यांतील शब्द ‘करूं शकेल’ असा आहे, ‘केलेंच पाहिजे’ असा नाहीं. त्यामुळें तिजोरीला ओहोटी लागली म्हणजे मैदानाला कायद्याचें कवच राहत नाहीं. अधिकार कायदा देतो. तो वापरावयास लावणें हें मात्र नागरिकांचेंच काम होय.