एका भुंगेऱ्याचें नांव

दूरच्या अरण्यांतील एखाद्या किड्यास कोणीं नवें लॅटिन नांव दिलें, हें वृत्त वाचून आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थ मंद स्मित करतात. "अशा नांवानें कोणाचें पोट भरतें?" हा प्रश्न मीं आमच्या कॉलेजांत अनेकदां ऐकला आहे. त्याचें उत्तर मला गेल्या श्रावणांत कल्याणच्या खाडीलगत, लोहमार्गाच्या कडेस मिळालें. तेथें माजलेल्या गाजर-गवतावर जोंधळ्याच्या दाण्याहून थोडा मोठा, मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी उभ्या रेघा असलेला भुंगेरा स्वस्थपणें पानें कुरतडीत होता. हा मेक्सिकन भुंगेरा. त्याचा इतिहास वाचकांनीं ऐकण्यासारखा आहे.

ज्यावर तो जगतो तें गवतही अमेरिका खंडांतलेंच. पुण्यास 1955 सालीं तें लक्षांत आलें व 1956 मध्यें आर. एस. राव यांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत त्याची नोंद केली. अमेरिकन गव्हाबरोबर तें आलें, अशी लोकसमजूत आहे. तें कसेंही असो. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील पडीक जागा त्यानें व्यापल्या. गुरें त्याला तोंड लावीत नाहींत, आणि माणसांस त्यापासून त्वचेची खाज, धाप यांसारखे विकार जडतात.

योगायोग असा कीं, पुण्यास हें गवत दिसण्यापूर्वी दोनच वर्षें, 1953 सालीं, पॅलिस्टर या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञानें मेक्सिकोंतील एका भुंगेऱ्याचें वर्णन करून त्यास 'झायगोग्रामा बायकोलोराटा' हें नांव दिलें. हिंदुस्थानच्या शेतकऱ्याचा विचार त्याच्या मनांत असण्याचें कारणच नव्हतें. रंग, रेघा, शृंगिका, पायांचे सांधे व नखें हीं सूक्ष्म दृष्टीनें तपासावीं, पूर्वी वर्णिलेल्या जातींशीं ताडून पाहावीं, आणि भेद निश्चित झाल्यावर नमुना संग्रहालयांत ठेवावा, एवढेंच या शास्त्राचें नित्यकर्म. पानें खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुलांत आजवर पस्तीस हजारांहून अधिक जाती वर्णिल्या गेल्या आहेत. आपल्या देशांतील जातींवरचा मोठा ग्रंथ 1908 सालीं प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता मार्टिन जेकोबी हा व्यवसायानें वादक होता! अशा निरपेक्ष छंदावरच हें शास्त्र पोसलें आहे.

परंतु या भेदाभेदाचें महत्त्व काय? ज्या गणांत आपला भुंगेरा मोडतो, त्याच गणांतील दुसरी जात उत्तर अमेरिकेंत सूर्यफुलाच्या पिकावरील कीड म्हणून कुप्रसिद्ध आहे. दोघांचें आडनांव एक, भूक मात्र वेगळी. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनीं मेक्सिकोहून भुंगेरे आणवून, बंदिस्त जागीं त्यांची परीक्षा करून, 1984 सालीं ते मोकळे सोडले. त्या वेळीं त्यांच्या हातांत नेमकी कोणती जात आहे, हें पॅलिस्टरच्या वर्णनावांचून कसें ठरलें असतें? एक चूक झाली असती तर तण राहून पीक गेलें असतें.

ही भीति कल्पित नव्हती. गाजर-गवत व सूर्यफूल हीं एकाच कुलांतलीं. पुढें कर्नाटकांत हे भुंगेरे सूर्यफुलावर दिसूं लागतांच शेतकऱ्यांत हाहाकार उडाला. त्यांचा प्रसार थांबवून सरकारला चौकशी-समिति नेमावी लागली. सूर्यफुलावर त्यांचा वंश टिकत नाहीं, असा निर्वाळा मिळाला तेव्हां कोठें मनें निवळलीं.

या पाहुण्यानें सर्व तण संपविलें, असें मात्र कोणीं समजूं नये. पावसाळा सरला म्हणजे तो जमिनींत दडी मारतो आणि गवत पुन्हा डोकें वर काढतें. मनुष्यानें खुरपें खालीं ठेवावें, इतकें हें साहाय्य मोठें नाहीं. पण आहे तें खरें आहे.

दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांत आजही या कुलांतील नव्या जाती सांपडत आहेत व त्यांस नांवें मिळत आहेत. त्यांतील कोणतें नांव कोणत्या देशाच्या कोणत्या संकटांत उपयोगी पडेल, हें आज कोणीच सांगूं शकणार नाहीं. नांव देणारा आपलें काम चोख करून निघून जातो, आणि त्याचें ऋण कल्याणच्या खाडीकाठीं कोणा अनोळखी माणसास फेडतां येत नाहीं. निदान त्यानें हंसूं तरी नये.